बधिरांचे पिता : आबे शार्ल-मिशेल द लेपे

आगमनकाळात दोन दिवस असे येतात की, त्यांची आठवण एकत्र करावी असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. ३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार तो १९९२ पासून पाळला जातो आणि आपल्या अनेक धर्मग्रामांतही त्या निमित्ताने कार्यक्रम होतात. दुसरा दिवस २३ डिसेंबर. नाताळच्या तयारीच्या गडबडीत तो कोणाच्याही ध्यानात राहत नाही. १७८९ साली याच दिवशी पॅरिस शहरात आबे शार्ल-मिशेल द लेपे ह्या धर्मगुरूंनी वयाच्या ७७व्या वर्षी देह ठेवला. फ्रान्समध्ये धर्मगुरूंना आदराने ‘आबे’ म्हणतात. ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिलेले नाही, त्यांचा सण नाही, त्यांच्या नावाची नोव्हेना नाही. परंतु जगभरातील कर्णबधिर मंडळी त्यांना पित्याच्या ठिकाणी मानतात.

त्यांचे कार्य समजण्यासाठी तत्पूर्वीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. रोमन सम्राट जस्टिनियन याच्या कायद्याने जन्मतः बधिर व मुक्या माणसास मृत्युपत्र करण्याचा अधिकार नाकारला होता. ज्याला लिहिता येई त्याला मात्र तो अधिकार होता. परंतु लिहायला शिकवणार कोण? ऐकू न येणाऱ्याला शिकवताच येत नाही, ही समजूत शतकानुशतके चालत आली. दुःखाची गोष्ट अशी की, धार्मिक क्षेत्रातही हीच समजूत शिरली. श्रद्धा ऐकण्यातून उत्पन्न होते, अशा अर्थाचे संत पौलाचे विधान रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. त्याचा अक्षरशः अर्थ घेऊन, ज्याला कान नाहीत त्याला श्रद्धा कोठून येणार, असे म्हणणारे विद्वान होते. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील बधिर माणसाचा प्रसंग त्यांनी बारकाईने वाचला नसावा. प्रभू येशू त्या माणसाला प्रथम गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, स्वर्गाकडे दृष्टी लावतो, आणि मगच शब्द उच्चारतो. शब्दाच्या आधी खूण येते. बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू बालकाच्या कानांना व मुखाला स्पर्श करतात, तो एफ्फाथाचा विधी ह्याच प्रसंगावरून आला आहे.

शार्ल-मिशेल यांचा जन्म नोव्हेंबर १७१२ मध्ये व्हर्साय येथे झाला. वडील राजाच्या बांधकाम खात्यात अधिकारी होते. घरची स्थिती उत्तम. मुलाला लहानपणापासून धर्मगुरू होण्याची ओढ होती. परंतु त्या काळी फ्रेंच ख्रिस्तसभेत यान्सेनपंथाचा मोठा वाद पेटला होता. ह्या पंथाचा निषेध करणाऱ्या पत्रकावर सही केल्याखेरीज याजकपदाची दीक्षा मिळत नसे. तरुण शार्ल-मिशेल यांनी सही करण्यास नकार दिला व त्यांचा मार्ग बंद झाला. मग त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि पॅरिसमध्ये वकिलीची सनद मिळवली. पुढे त्र्वा येथील बिशप बोस्यूए (सुप्रसिद्ध वक्ते बिशप बोस्यूए यांचे पुतणे) यांनी त्यांना आपल्या धर्मप्रांतात घेतले व १७३८ साली त्यांची याजकदीक्षा झाली. बिशपांच्या निधनानंतर ते पॅरिसला परतले. तेथील आर्चबिशप क्रिस्तोफ द बोमाँ यान्सेनपंथाचे कडवे विरोधक होते. त्यामुळे आबेंना प्रायश्चित्त संस्कार देण्यास व प्रवचन करण्यास मनाई झाली.

ह्या वादात कोण बरोबर, कोण चूक, ह्याची चर्चा आम्ही येथे करणार नाही. यान्सेनपंथाची शिकवण ख्रिस्तसभेने अमान्य केली, हे स्पष्टच आहे. आम्हांस सांगायचे आहे ते एवढेच की, वयाच्या पन्नाशीजवळ आलेले, वडिलोपार्जित उत्पन्नावर राहणारे, धर्मग्राम नसलेले आणि प्रवचनपीठ नसलेले हे धर्मगुरू होते. देवाने त्यांना जो कळप दिला त्याला प्रवचन ऐकूच येणार नव्हते.

साधारण १७६०च्या सुमाराची गोष्ट. काही कामानिमित्त आबे पॅरिसच्या फॉसे-सें-व्हिक्तोर रस्त्यावरील एका घरी गेले. घरात दोन तरुण बहिणी शिवणकाम करीत बसल्या होत्या. आबेंनी त्यांना काही विचारले. उत्तर नाही. पुन्हा विचारले, तरी मान वर झाली नाही. आबेंना हे वागणे चमत्कारिक वाटले. तेवढ्यात आई आली आणि तिने रडत रडत खुलासा केला की, ह्या दोघी जुळ्या मुलींना ऐकू येत नाही. फादर वानँ नावाचे एक धर्मगुरू संतांची चित्रे दाखवून त्यांना थोडेफार धर्मशिक्षण देत असत, पण आता त्यांचेही निधन झाले होते. ह्या मुली देवाला न ओळखताच मरणार की काय, ह्या विचाराने आबे अस्वस्थ झाले. त्यांनी त्यांना शिकवण्याचे काम अंगावर घेतले. बधिरांच्या शिक्षणाची त्यांना तोवर काहीही माहिती नव्हती.

चित्रांनी काम भागणार नाही, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. चित्रात येशूचा क्रूस दाखवता येतो, पण मुक्ती कशी दाखवणार? तेव्हा त्यांनी एक साधा विचार केला. आपण परकी भाषा शिकतो ती मातृभाषेच्या आधाराने. ह्या मुलींचीही एक मातृभाषा आहे आणि ती हातांची आहे. घरात आईशी, बहिणीशी त्या खुणांनीच बोलतात. मग शिक्षकानेच ती भाषा शिकावी आणि तिच्या आधाराने त्यांना लिहायला व वाचायला शिकवावे. आज हे आपल्याला सहज सुचेल असे वाटते. त्या काळी बधिराला शिकवणे म्हणजे त्याच्या तोंडून कसेबसे शब्द काढून घेणे, असाच समज होता. पॅरिसमध्येच पेरेर नावाचे एक नामवंत शिक्षक श्रीमंतांच्या मुलांना भरपूर मोबदला घेऊन बोलायला शिकवत आणि आपली पद्धत गुप्त ठेवत.

ह्याच सुमारास एक अनोळखी माणूस आबेंकडे एक स्पॅनिश पुस्तक विकण्यास आला. स्पॅनिश येत नसल्याने आबे ते परत करणार होते. सहज उघडून पाहिले तो आत बोटांनी दाखवायच्या मुळाक्षरांची चित्रे! १६२० साली माद्रिद येथे छापलेले ते बोनेत यांचे पुस्तक होते. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, स्पेनमधील पेद्रो पोन्से द लेओन ह्या बेनेडिक्टाइन संन्याशाने बधिर मुलांना शिकवले होते. आबेंनी ते पुस्तक घेतले आणि ते वाचता यावे म्हणून उतारवयात स्पॅनिश भाषा शिकून घेतली.

मुलांच्या नैसर्गिक खुणांना आबेंनी व्याकरणाच्या खुणांची जोड दिली. हात खांद्यावरून मागे टाकला की भूतकाळ. अमूर्त शब्दासाठी ते त्याचे घटक पाडीत. ‘मी श्रद्धा ठेवतो’ ह्या शब्दांसाठी ते आधी मी ही खूण करीत. मग मनाने होकार, अंतःकरणाने होकार, मुखाने होकार, आणि शेवटी डोळ्यांनी मात्र पाहिलेले नाही, अशा खुणा होत. प्रेषितांचा विश्वासांगीकार आपण दर रविवारी किती वेगाने म्हणून टाकतो, हे आठवून आम्ही ह्या खुणेपाशी थोडा वेळ थांबलो.

ह्या पद्धतीत उणिवाही होत्या. व्याकरणाच्या कृत्रिम खुणा बोजड होत्या, आणि विद्यार्थी सांगितलेले वाक्य अचूक उतरवून घेत असले तरी स्वतःच्या मनातील वाक्य लिहिताना अडखळत. शिवाय खुणांची भाषा आबेंनी निर्माण केली असे जे पुढे सर्रास सांगितले जाऊ लागले, ते खरे नाही. १७७९ साली प्येर देलोज ह्या पॅरिसमधील बधिर पुस्तकबांधणी कामगाराने स्वतः एक पुस्तक लिहिले. शाळेत कधीही न गेलेले बधिर कामगार आपापसांत खुणांनी सर्व विषयांवर बोलतात, असे त्याने त्यात सांगितले. देलोज आबेंच्या बाजूचाच होता. परंतु ती भाषा बधिरांची आहे, हे त्याने स्वच्छ नोंदवून ठेवले. आबेंचा मोठेपणा त्यांनी ती भाषा मान्य केली, ह्यात आहे.

मुलें रस्त्यावरील १४ क्रमांकाच्या आपल्या घरी त्यांनी शाळा भरवण्यास सुरुवात केली. मुले शहरात ठिकठिकाणी राहत आणि आठवड्यातून दोन दिवस शाळेत येत. फी नव्हती. आपली शाळा गरिबांसाठी आहे, हे आबेंचे ठाम मत होते. १७७१ पासून त्यांनी जाहीर वर्ग घेतले. सरदार, विद्वान, धर्मगुरू दाटीवाटीने बसत आणि विद्यार्थी फ्रेंच, लॅटिन, इटालियन अशा भाषांत संस्कारांविषयीच्या प्रश्नांची लेखी उत्तरे देत. ह्या प्रयोगात थोडासा देखावा होता, हे मान्य करू. पण बधिर माणूस विचार करू शकतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या समाजाला पटणार नव्हते. पद्धतीत गुप्त काही नव्हते. १७७६ साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली व १७८४ साली सुधारून पुन्हा लिहिली. लाइपझिगचे शिक्षक सामुएल हायनिके ह्यांनी वाणी हाच शिक्षणाचा एकमेव मार्ग असल्याचा दावा करून त्यांच्याशी पत्रांतून वाद घातला. १७८३ साली झ्युरिक येथील विद्वानांनी आबेंच्या बाजूने कौल दिला.

१७७७ साली ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योसेफ पॅरिसला आला असता ही शाळा पाहून गेला. त्याने आबेंना मोठ्या उत्पन्नाचे पद देऊ केले. आबेंनी ते नाकारले. द्यायचेच तर एक माणूस शिकायला पाठवा, असे सुचवले. सम्राटाने स्टॉर्क नावाचे धर्मगुरू पाठवले आणि १७७९ साली व्हिएन्ना येथे राज्याच्या खर्चाने बधिरांची शाळा उघडली. रोमहून फादर सिल्व्हेस्त्री आले, बोर्दोहून आबे सिकार आले, हॉलंडमधील ग्रोनिंगेनचे प्रॉटेस्टंट पाळक ग्युयो हेही आले. आबेंनी कोणास परत पाठवले नाही.

आता त्यांच्या आयुष्यातील एका अवघड प्रकरणाकडे वळणे भाग आहे. १७७३ साली पिकार्डी प्रांतात पेरोन गावाजवळच्या रस्त्यावर फाटक्या कपड्यांतील एक बधिर मुलगा सापडला. त्याची रवानगी पॅरिसच्या अनाथालयात झाली व पुढे तो आबेंच्या हाती आला. त्यांनी त्याचे नाव योसेफ ठेवले. खुणा शिकल्यावर आपण मोठ्या घरातील आहोत व आपल्याला मुद्दाम सोडून देण्यात आले, असे तो सांगू लागला. तुलूझ येथील सोलार ह्या सरदार घराण्याचा हा वारस, अशी आबेंची खात्री झाली. खटला उभा राहिला. काझो नावाच्या एका तरुणावर मुलाला टाकून दिल्याचा आरोप आला व त्याला तुरुंगवास घडला. १७८१ साली पॅरिसच्या न्यायालयाने काझोला निर्दोष ठरवले, पण योसेफ हाच सोलारचा वारस असल्याचा निकाल दिला. पुढे आबे हयात नसताना, १७९२ साली, वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला. नाव गमावलेला योसेफ घोडदळात भरती झाला आणि थोड्याच काळात मरण पावला.

बहुधा आबेंची चूक झाली होती. मुलाचे पालक, वकील आणि दुभाषी अशा तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे आल्या म्हणजे मनातील खात्री उत्तरात उतरते, आणि त्यापायी एक निरपराध माणूस तुरुंगात गेला. हे झाकून ठेवण्यात आम्हांस अर्थ वाटत नाही. तरीही एक गोष्ट घडली. ज्याला कायदा माणूस मानण्यास कचरत होता, अशा एका निराधार बधिर मुलाचे म्हणणे त्याच्या हातांच्या भाषेतून देशाच्या न्यायालयापुढे आले आणि न्यायालयाला ते ऐकून घ्यावे लागले.

शाळेचा खर्च आबे स्वतःच्या उत्पन्नातून करीत. आपल्यामागे मुलांचे काय होणार, ही चिंता वय वाढेल तशी वाढत गेली. दान देणारा गेला की दान थांबते, हे ह्या माजी वकिलाला पक्के ठाऊक होते. त्यांनी राजदरबारी अर्ज-विनंत्या चालू ठेवल्या. १७७८ साली राजाच्या मंत्रिमंडळाने शाळेस संरक्षण देऊन बंद झालेल्या सेलेस्टीन मठाच्या उत्पन्नातून मदत देण्याचे ठरवले. १७८५ साली तसा दुसरा हुकूम निघाला, त्या वेळी विद्यार्थी सुमारे ७० होते. हुकूम निघाले तरी शाळा आबेंच्या घरातच राहिली. १७८८च्या भयंकर थंडीत मुलांच्या वाट्याचे लाकूड वाचावे म्हणून ह्या वृद्ध धर्मगुरूंनी स्वतःच्या खोलीत शेकोटी पेटवू दिली नाही, आणि मुलांनी रडून गळ घातली तेव्हा कोठे ते ऐकले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यानंतर मुलांच्या हक्काचे पैसे आपण जाळले, ही खंत ते बोलून दाखवीत असत.

पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती झाली. आबे मृत्युशय्येवर असताना राष्ट्रीय सभेचे शिष्टमंडळ त्यांच्या घरी आले व तुमची मुले आता राष्ट्राची मुले, असे आश्वासन त्यांनी दिल्याचे परंपरा सांगते. सांत्वनासाठी दिलेली अशी आश्वासने बहुधा विरून जातात. हे विरले नाही. जुलै १७९१ मध्ये राष्ट्रीय सभेने कायदा करून शाळा राज्याच्या खर्चाने चालवण्याचे ठरवले, गरीब विद्यार्थ्यांसाठी मोफत जागा ठेवल्या आणि आबेंच्या नावाचा मानवजातीचे उपकारकर्ते म्हणून गौरव केला. एका धर्मगुरूच्या घरातील दयेचे काम ही आता शासनाची जबाबदारी झाली. ज्या राज्यक्रांतीने पुढे ख्रिस्तसभेचा अतोनात छळ केला, तिच्याच हातून हे घडले. नवे प्रमुख आबे सिकार यांना १७९२ साली तुरुंगात टाकण्यात आले, तेव्हा त्यांच्या बधिर विद्यार्थ्यांनी सभेपुढे अर्ज नेऊन त्यांच्या सुटकेची मागणी केली. पुढाकार झाँ मास्यू याचा होता. हा मेंढपाळ मुलगा सिकारांच्या हाताखाली शिकून शासनाच्या पगारावर शिक्षक झाला होता. त्याच शाळेतील लोराँ क्लेर्क हे बधिर शिक्षक १८१६ साली अमेरिकेस गेले आणि पुढच्या वर्षी गॅलॉडेट यांच्याबरोबर त्यांनी हार्टफर्ड येथे शाळा काढली. अमेरिकन सांकेतिक भाषेत आजही फ्रेंच खुणा आढळतात, त्याचे मूळ येथे आहे.

१८३४ साली फेर्दिनां बेर्तिए ह्या बधिर शिक्षकाने आबेंच्या जन्मदिनी मेजवानी सुरू केली. भाषणे हातांनी होत. ऐकू येणारे पाहुणे आले की त्यांच्यासाठी दुभाषी लागे.

पुढील प्रकरण आम्हांला कॅथलिक म्हणून जड जाते. १८८० साली मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते इटलीतील धर्मगुरू जूलिओ तार्रा. शाळांतून खुणा काढून टाकून केवळ वाणीने शिकवावे, असा ठराव तेथे प्रचंड बहुमताने झाला. मतदान करणाऱ्यांत बधिर मंडळी जवळजवळ नव्हतीच. फ्रान्समधील शाळांनी ठराव अमलात आणला आणि बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. पॅरिसच्या संस्थेच्या आवारात फेलिक्स मार्तँ ह्या बधिर शिल्पकाराने घडवलेला आबेंचा पुतळा १८७९ साली, म्हणजे ठरावाच्या आदल्या वर्षी, उभारला गेला होता. पुतळा बाहेर राहिला आणि आतल्या वर्गांत खुणांना बंदी झाली. मुले शयनगृहात, मैदानाच्या कोपऱ्यात चोरून हातांनी बोलत राहिली, म्हणून भाषा टिकली. फ्रान्सने १९९१ साली पालकांना खुणांच्या भाषेतून शिक्षण निवडण्याची मुभा दिली आणि २००५च्या कायद्याने तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला.

आपल्याकडेही ह्या कार्याचा आरंभ ख्रिस्तसभेकडूनच झाला. मुंबईचे व्हिकर अपोस्तोलिक बिशप लिओ म्यूरिन, येशूसंघीय, यांनी १८८५ साली माझगाव येथे मूकबधिरांची शाळा सुरू केली. भारतातील ह्या क्षेत्रातील ती पहिली संस्था मानली जाते. दयेपासून हक्कापर्यंतचा प्रवास मात्र येथेही दीर्घ ठरला. पहिला सर्वंकष कायदा १९९५चा. त्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ने घेतली. त्यात संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश आहे, आणि न्यायालयात दिव्यांग व्यक्तीस आपले म्हणणे मांडता यावे ह्यासाठी सोय करणे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. हे कलम वाचताना आम्हांस पिकार्डीच्या रस्त्यावरचा योसेफ आठवला. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्ली येथे केंद्र शासनाची संस्था २०१५ साली स्थापन झाली. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या कर्णबधिर मुलाचे पालक अजूनही दाखल्यासाठी किंवा शाळेसाठी वणवण करीत असतील, तर त्यांच्याबरोबर शासकीय कार्यालयात जाण्यास कायदा जाणणारा एखादा धर्मग्रामस्थ लागेल. आबे द लेपे निम्मे आयुष्य अशाच कार्यालयांच्या पायऱ्या चढत होते.

लूर्द्सच्या यात्रेला जाणारे आपले अनेक भाविक पॅरिसमध्ये एखादा दिवस मुक्काम करतात. लूव्र संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर, सें-ओनोरे रस्त्यावर सें-रोक हे जुने चर्च आहे. आबेंची कबर तेथे आहे. काळाच्या ओघात तिची खूण हरवली होती. १८३८ साली बधिर मंडळींच्या प्रयत्नांनी ती पुन्हा सापडली आणि त्यांनीच त्यावर स्मारक बांधवले.